छत्तीस महिने हाताच्या कामासाठी

अमेरिकी सैन्यातून बाहेर पडलेल्या माणसाला जीआय बिल या कायद्याखाली सरकार शिक्षणासाठी पैसे देते, हे आता इथल्या मराठी घरांतही बहुतेकांना ठाऊक असते. पण ते पैसे पदवीसाठीच असतात, असा एक समजही घट्ट रुजलेला आहे. मी व्हर्जिनिया राज्यात, नॉरफोकच्या नौदल तळाच्या परिसरातील एका कम्युनिटी कॉलेजात माजी सैनिकांच्या प्रवेशाची नोंद केंद्र सरकारच्या माजी सैनिक खात्याला, म्हणजे व्हीएला, कळवण्याचे काम करते. माझ्या टेबलासमोर येऊन बसणाऱ्यांपैकी बरेच जण वेल्डर, इलेक्ट्रिशियन, ट्रकचालक किंवा एसी-हीटिंगचे तंत्रज्ञ व्हायला आलेले असतात आणि त्यांतील कित्येक जण सुरुवातीलाच विचारतात, "मॅम, यासाठी जीआय बिल चालते का?" चालते. मात्र ते कोणत्या मार्गाने वापरले, कोणत्या शाळेत वापरले आणि कधी वापरले, यावर पुढच्या अनेक वर्षांचे गणित अवलंबून असते, आणि ते गणित समजावून सांगणारे कोणी शेजारी नसले की माणूस पहिल्या जाहिरातीच्या मागे जातो. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

हा कायदा मुळात कारागिरांनीच अधिक वापरला होता. २२ जून १९४४ रोजी राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी पहिल्या जीआय बिलावर सही केली, आणि १९५६ पर्यंत दुसऱ्या महायुद्धातील सुमारे ७८ लाख माजी सैनिकांनी त्याखाली काही ना काही शिक्षण घेतले. त्यांपैकी कॉलेजात गेलेले सुमारे २२ लाख होते. बाकीचे व्यवसाय शाळांत गेले, कारखान्यांत आणि दुकानांत काम करता करता शिकले, किंवा त्यांनी शेतीचे प्रशिक्षण घेतले. दहांतील सात जण हाताच्या कामाकडे वळले, तरी त्या कायद्याची आठवण निघाली की आजही बोलणे होते ते गजबजलेल्या विद्यापीठांचेच. त्या काळाबद्दल आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे: कायद्याच्या मजकुरात वर्णभेद नव्हता, परंतु अंमलबजावणी स्थानिक कार्यालयांच्या हाती होती, आणि दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीय माजी सैनिकांना चांगल्या प्रशिक्षणाच्या जागा सर्रास नाकारल्या गेल्या. समुद्रापार एकच युद्ध लढून आलेल्या दोन माणसांपैकी एकाला फोरमन होण्याचे शिक्षण मिळाले आणि दुसऱ्याला झाडू मारण्याचे काम दाखवले गेले, हे विसरून या कायद्याचे कौतुक करता येत नाही.

सध्या बहुसंख्य लोक ज्याच्या आधाराने शिकतात, तो पोस्ट-नाईन-इलेव्हन जीआय बिल २००८ मध्ये संमत झाला आणि १ ऑगस्ट २००९ पासून लागू झाला. सुरुवातीला तो पदवी देणाऱ्या संस्थांपुरताच होता. केवळ व्यवसाय शिकवणाऱ्या शाळा, अप्रेंटिसशिप आणि कामावरचे प्रशिक्षण या गोष्टी त्यात १ ऑक्टोबर २०११ पासून आल्या. म्हणजे इराकमधून परतलेल्या ज्या तरुणाला २०१० मध्ये एखाद्या वेल्डिंग शाळेत जायचे होते, त्याला या नव्या कायद्याचा उपयोग नव्हता. त्याला जुन्या माँटगोमेरी जीआय बिलाकडे वळावे लागे. ही दुरुस्ती व्हायला दोन वर्षे लागली, याचे मला आजही वाईट वाटते.

आता प्रत्यक्ष हक्काविषयी. १० सप्टेंबर २००१ नंतर एकूण छत्तीस महिने सक्रिय सेवा झालेल्याला पूर्ण, म्हणजे शंभर टक्के लाभ मिळतो. त्याहून कमी सेवा असेल तर टक्केवारी पायरीपायरीने उतरते आणि ९० दिवसांच्या सेवेला ती ५० टक्क्यांवर येते. लढाईत जखमी झाल्याबद्दलचे परपल हार्ट पदक मिळालेल्यांना, तसेच किमान ३० दिवस सलग सेवा करून सेवेतील दुखापतीमुळे बाहेर पडलेल्यांना शंभर टक्के मिळतात. डीडी-२१४ या सेवामुक्तीच्या कागदावर सेवेचा दर्जा लिहिलेली एक चौकट असते. तिथे "ऑनरेबल" एवढाच शब्द असावा लागतो. "जनरल, अंडर ऑनरेबल कंडिशन्स" असे लिहिलेले असेल तर व्हीएच्या इतर काही सोयी मिळू शकतात, परंतु जीआय बिल मिळत नाही. समोरचा माणूस तो कागद पुढे सरकवतो तेव्हा माझी नजर आधी त्या चौकटीकडे जाते, कारण पुढचे सगळे बोलणे तिच्यावर अवलंबून असते. नागरिकत्वाची अट नाही. ग्रीन कार्डावर सैन्यात गेलेल्यालाही हा हक्क मिळतो. मात्र भारतीय सैन्यात सेवा करून नंतर इकडे स्थायिक झालेल्यांना तो मिळत नाही.

मिळणारा हक्क महिन्यांत मोजलेला असतो, डॉलरमध्ये नव्हे: पूर्णवेळ शिक्षणाचे छत्तीस महिने. सरकारी कॉलेजात राज्यातील रहिवाशाला लागू असलेले संपूर्ण शुल्क व्हीए थेट कॉलेजला देते. खासगी व्यवसाय शाळेसाठी वर्षाला कमाल मर्यादा असते; २०२४-२५ या शैक्षणिक वर्षासाठी ती २८,९३७ डॉलरच्या आसपास होती. याशिवाय घरभाड्याचा मासिक भत्ता मिळतो, जो शाळेच्या पिनकोडप्रमाणे ठरतो आणि सैन्यातील ई-५, म्हणजे सार्जंटच्या पातळीच्या हुद्द्याच्या, कुटुंब असलेल्या सैनिकाच्या घरभाडे भत्त्याइतका असतो. पुस्तकांसाठी कॉलेजच्या विद्यार्थ्याला वर्षाला जास्तीत जास्त १,००० डॉलर मिळतात. व्यवसाय शाळेत त्याऐवजी महिन्याला ८३ डॉलर मिळतात. वेल्डिंगचे हेल्मेट, चामड्याचे हातमोजे, पोलादी टोकाचे बूट आणि स्वतःची हत्यारे घ्यायला निघाले की ही रक्कम किती अपुरी आहे ते पहिल्याच दुकानात कळते.

हक्क महिन्यांत मोजला जातो आणि शुल्क सरकार परस्पर भरते, या दोन गोष्टी एकत्र आल्या की जे घडते, तेच मला सर्वांत जास्त सांगायचे आहे. सहा आठवड्यांचा अभ्यासक्रम घेतला तर विद्यार्थ्याच्या खात्यातून दीड महिना वजा होतो, मग त्या अभ्यासक्रमाचे शुल्क पाच हजार असो वा वीस हजार. विद्यार्थ्याला किंमत जाणवत नाही. त्यामुळे घासाघीस करण्याचे, दुसऱ्या शाळेत विचारून येण्याचे, एवढ्या पैशांत नेमके काय शिकवणार असे खडसावून विचारण्याचे कारणच उरत नाही. शाळांना हे पक्के माहीत असते.

टेक्सासमध्ये डॅलसजवळच्या गार्लंड शहरात एसी-हीटिंगचे सहा आठवड्यांचे प्रशिक्षण देणारी एक खासगी शाळा होती. देशभरातून माजी सैनिक तिथे येत, आणि काही वर्षांत तिने जीआय बिलातून सात कोटी डॉलरपेक्षा जास्त रक्कम मिळवली. शाळा २०१७ मध्ये बंद पडली. मान्यता मिळवताना मालकाने खोटी माहिती दिल्याचे न्यायालयात सिद्ध झाले आणि २०२२ मध्ये त्याला १९ वर्षांहून अधिक कारावास झाला. हे आजचेच दुखणे आहे असेही नाही. १९४४ च्या कायद्याखाली वर्षाला ५०० डॉलरपर्यंतचे शुल्क सरकार थेट शाळेला देत असे, आणि युद्धानंतरच्या चार-पाच वर्षांत केवळ त्या पैशांसाठी निघालेल्या व्यवसाय शाळांचे पीक आले. अखेर संसदेच्या समितीने चौकशी केली. १९५२ मध्ये कोरियातील युद्धाच्या सैनिकांसाठी नवा कायदा झाला तेव्हा पैसे शाळेऐवजी थेट सैनिकाच्या हातात देण्याची पद्धत आली, आणि एखाद्या अभ्यासक्रमातील ८५ टक्क्यांहून जास्त विद्यार्थी सरकारी पैशांवर शिकत असतील तर तिथे नव्या माजी सैनिकाला प्रवेश देता येणार नाही, असा नियम झाला. स्वतःच्या खिशातून पैसे मोजून निदान पंधरा टक्के लोक तिथे शिकत आहेत, म्हणजे त्या शिक्षणाला बाजारात काही किंमत आहे, असा त्यामागचा साधा विचार होता. तो नियम आजही आहे. शुल्क थेट सैनिकाला देण्याची पद्धत मात्र २००८ मध्ये पुन्हा बदलली आणि पैसे पुन्हा शाळेकडे जाऊ लागले. माझ्या मते १९५२ चा तो धडा इतक्या सहज बाजूला ठेवायला नको होता.

नफ्यासाठी चालणाऱ्या मोठ्या साखळ्यांचेही असेच झाले. कॉरिंथियन कॉलेजेस एप्रिल २०१५ मध्ये आणि आयटीटी टेक्निकल इन्स्टिट्यूट सप्टेंबर २०१६ मध्ये बंद पडली, तेव्हा हजारो माजी सैनिकांचे महिने अर्धवट शिक्षणात खर्च झालेले होते. २०१७ च्या कायद्याने, ज्याला लोक फॉरेव्हर जीआय बिल म्हणतात, शाळा बंद पडल्यामुळे वाया गेलेले महिने परत मिळवण्याची सोय केली. अशा संस्थांना किमान दहा टक्के उत्पन्न केंद्र सरकारच्या शिक्षण निधीबाहेरून आणावे लागते. त्या हिशेबात जीआय बिलाचा पैसा अनेक वर्षे "बाहेरचा" मानला जात असे, म्हणून एकेक माजी सैनिक त्यांना फार मोलाचा होता. ती पळवाट २०२१ मध्ये कायद्याने बंद केली आणि बदल २०२३ पासून लागू झाला.

म्हणून एखादी शाळा जीआय बिल स्वीकारते, एवढ्यावर मी कोणालाही तिथे पाठवत नाही. राज्याच्या मान्यता देणाऱ्या संस्थेने शाळेला आणि त्या विशिष्ट अभ्यासक्रमालाही मान्यता दिलेली असावी लागते. एकाच कॉलेजात एक अभ्यासक्रम मान्य आणि शेजारच्या खोलीतला अमान्य असे असू शकते. व्हीएच्या संकेतस्थळावर शाळांची तुलना करण्याचे साधन आहे, तिथे शुल्क, भत्ता आणि शाळेविरुद्धच्या तक्रारी दिसतात. पण त्याहून उपयोगी असा एक प्रश्न मी प्रत्येकाला शाळेत जाऊन विचारायला सांगते: हा अभ्यासक्रम संपल्यावर मला कोणत्या परवान्याच्या किंवा प्रमाणपत्राच्या परीक्षेला बसता येईल? एसीच्या कामात शीतक वायू हाताळायचा असेल तर पर्यावरण संरक्षण संस्थेचे ६०८ क्रमांकाचे प्रमाणपत्र कायद्याने बंधनकारक आहे. व्हर्जिनियात जर्नीमन, म्हणजे स्वतंत्रपणे काम करू शकणाऱ्या, इलेक्ट्रिशियनचा परवाना मिळवण्याचा रूढ मार्ग म्हणजे चार वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव आणि २४० तासांचे वर्गातील शिक्षण. मग "नऊ महिन्यांत इलेक्ट्रिशियन व्हा" अशी जाहिरात वाचली की त्या नऊ महिन्यांनंतर नेमके काय हातात येते, हे विचारायलाच हवे. बहुतेक वेळा हातात येते ती मदतनिसाची नोकरी, जी शाळेत न जाताही मिळाली असती.

भत्त्याच्या बाबतीत व्यवसाय शाळेचा हिशेब कॉलेजपेक्षा वेगळा आहे आणि इथे लोक फार गोंधळतात. कॉलेजात क्रेडिट मोजतात, व्यवसाय शाळेत घड्याळी तास मोजतात. वर्गातील शिकवणी प्रधान असेल तर आठवड्याला १८ तास, आणि कार्यशाळेतील काम प्रधान असेल तर २२ तास भरले की विद्यार्थी पूर्णवेळ समजला जातो. एखाद्या शाळेचा वेल्डिंगचा वर्ग सोमवार ते शुक्रवार रोज चार तास असेल, तर आठवड्याचे वीसच तास होतात. बावीसपैकी वीस म्हणजे ९१ टक्के, आणि ती संख्या जवळच्या दहाच्या पटीत घेतली जाते, म्हणून घरभाड्याचा भत्ता ९० टक्केच येतो. तास निम्मे किंवा त्याहून कमी असतील तर घरभाड्याचा भत्ता येतच नाही. संपूर्ण शिक्षण ऑनलाइन असेल तर देशाच्या सरासरी भत्त्याच्या निम्मी रक्कम मिळते. प्रवेशाच्या वेळी वेळापत्रक हातात घेऊन पेन्सिलने हे तास जुळवून पाहावेत. शाळेच्या विक्री विभागातील माणूस हे स्वतःहून सांगेलच असे नाही.

त्यात हा भत्ता महिना संपल्यावर, झालेल्या दिवसांपुरताच येतो. वर्ग २० ऑगस्टला सुरू झाला तर सप्टेंबरच्या सुरुवातीला जेमतेम अकरा-बारा दिवसांचे पैसे मिळतात, आणि पूर्ण महिन्याचे पैसे पहिल्यांदा दिसायला ऑक्टोबर उजाडतो. दोन सत्रांमधील सुट्टीचे पैसे मिळत नाहीत, त्यामुळे जानेवारीच्या सुरुवातीला हाती येणारी रक्कम दरवर्षी कोणाला तरी धक्का देते. सैन्यात महिन्याच्या एक आणि पंधरा तारखेला न चुकता पगार जमा होण्याची ज्यांना सवय झालेली असते, त्या घरांत पहिले दोन महिने फार ओढाताण होते. बाहेर पडण्यापूर्वीच दोन-तीन महिन्यांचा खर्च बाजूला काढून ठेवावा, असे मी प्रत्येकाला कळकळीने सांगते. शिवाय २०२१ पासून दर महिन्याच्या शेवटी व्हीएकडून मोबाइलवर संदेश येतो की तुम्ही अजून त्याच अभ्यासक्रमात आहात का. त्याला "हो" एवढे उत्तर द्यायचे असते. सलग दोन महिने उत्तर गेले नाही तर भत्ता थांबतो. दिवसभर हेल्मेट घालून ठिणग्यांत उभ्या असलेल्या माणसाच्या हातून असा संदेश राहून जाणे अगदी साहजिक आहे, म्हणून घरच्यांपैकी कोणीतरी त्याची आठवण ठेवलेली बरी.

या सगळ्या मार्गांत मला सर्वांत आवडणारा आणि सर्वांत कमी वापरला जाणारा मार्ग अप्रेंटिसशिपचा आहे. इथे शाळा नसते, मालक असतो. शिकणाऱ्याला पहिल्या दिवसापासून पगार मिळतो, आणि त्या पगाराच्या वर व्हीए घरभाड्याचा भत्ता देते. पहिले सहा महिने तो पूर्ण असतो, पुढचे सहा महिने ८० टक्के, त्यानंतरचे सहा महिने ६० टक्के, मग ४० टक्के आणि दोन वर्षांनंतर २० टक्के. पगार वाढत जातो तसा भत्ता उतरत जातो, आणि शिकण्याच्या पहिल्या कठीण वर्षात घर चालते. महिन्याला १२० तास काम झाले पाहिजे, आणि मालकाने तासांचा हिशेब दर महिन्याला कळवला पाहिजे. इलेक्ट्रिशियनच्या युनियनची अप्रेंटिसशिप साधारण पाच वर्षांची असते. दिवसा साइटवर काम आणि आठवड्यातून ठरलेल्या वेळी वर्ग. आमच्या भागात जहाजबांधणीची परंपरा आहे. न्यूपोर्ट न्यूजच्या जहाज कारखान्याची अप्रेंटिस स्कूल १९१९ पासून चालू आहे, आणि पोर्ट्समथला नौदलाचा स्वतःचा दुरुस्ती कारखाना आहे. पाइप जोडणारे, पत्रा घडवणारे, विजेचे काम करणारे लोक तिथे पगार घेत शिकतात. अशा ठिकाणी प्रवेश मिळायला अर्ज, परीक्षा, मुलाखत आणि बरीच वाट पाहणे आले, आणि सहा आठवड्यांच्या शाळेत सोमवारी जाऊन बसता येते. म्हणूनच घाईत असलेला माणूस दुसरीकडे वळतो.

कधी कधी शाळेची गरजच नसते, आणि हे कळले तर कित्येक महिने वाचतात. ज्याने सैन्यात हेलिकॉप्टरची किंवा विमानांची देखभाल तीस महिने केली आहे, त्याला हवाई वाहतूक प्रशासनाच्या निरीक्षकाकडून तो अनुभव मान्य करून घेऊन, एअरफ्रेम (विमानाचा सांगाडा) आणि पॉवरप्लांट (इंजिन) या दोन्ही प्रमाणपत्रांच्या परीक्षांना शाळेत न जाता बसता येते. सैन्यात दोन वर्षे जड ट्रक चालवलेल्याला सेवा सोडल्यापासून एक वर्षाच्या आत व्यावसायिक परवान्याच्या प्रत्यक्ष चालवण्याच्या चाचणीतून सूट मिळू शकते. परीक्षांचे शुल्कही जीआय बिलातून परत मिळते, एका परीक्षेला २,००० डॉलरपर्यंत, आणि नापास झाले तरी मिळते. शुल्काच्या प्रमाणात तेवढा हक्क वजा होतो. व्हर्जिनियात २०१६ पासून राज्याची एक योजना आहे, तिच्यात मान्य असलेल्या छोट्या व्यवसाय अभ्यासक्रमांचे साधारण एक तृतीयांश शुल्कच विद्यार्थ्याला भरावे लागते. चार-सहा आठवड्यांच्या शिक्षणासाठी जीआय बिलाला हात लावण्याआधी ही रक्कम खिशातून भरणे परवडते का, हे पाहणे शहाणपणाचे आहे.

ज्यांना सेवेत दुखापत झाली आणि व्हीएने अपंगत्वाची टक्केवारी दिली आहे, त्यांनी आधी माजी सैनिकांच्या कायद्यातील एकतिसाव्या प्रकरणाखालच्या (चॅप्टर ३१) पुनर्वसन योजनेची चौकशी करावी. त्या योजनेत समुपदेशक असतो, त्याला नोकरीचे उद्दिष्ट पटवून द्यावे लागते आणि वेळही लागतो. पण मंजुरी मिळाली की शुल्काबरोबर हत्यारे आणि आवश्यक साहित्यही मिळते. वर लिहिलेल्या ८३ डॉलरशी हे ताडून पाहा. लष्करी माणसाला हाताचे कौशल्य देऊन उभे करणे ही कल्पना आपल्याकडेही जुनी आहे. पुण्याला खडकीत क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट ही अपंग झालेल्या सैनिकांना व्यवसाय शिकवणारी संस्था आहे, आणि तिची सुरुवात १९१७ मधली, म्हणजे अमेरिकेच्या पहिल्या जीआय बिलाच्या कितीतरी आधीची. पुणेकरांनाही ती फारशी ठाऊक नसते, याची मला खंत वाटते.

मराठी घरांचा विषय निघालाच आहे तर मनातले लिहिते. रिचमंडकडच्या एका परिचित कुटुंबातील मुलगा सैन्यात जनरेटर दुरुस्तीचे काम करून चार वर्षांनी घरी आला. त्याला इलेक्ट्रिशियनच्या युनियनमध्ये जायचे होते. आईने मला फोन केला आणि म्हणाली, "ताई, छत्तीस महिने फुकट शिक्षण मिळतंय, तर इंजिनिअरिंग तरी करू दे. आयटीआयवाल्यासारखं काय करायचं?" मी मुलाशी वेगळे बोलले. तो शांतपणे म्हणाला, "काकू, मी चार वर्षं तंबूत दिवे लावलेत. मला हेच येतं आणि हेच आवडतं." त्याच्या वडिलांसमोर मी आकडे मांडले: अप्रेंटिसशिपमध्ये शुल्क नाही, पगार चालू, वर भत्ता, पाच वर्षांनी जर्नीमनचा परवाना, युनियनचे पेन्शन आणि आरोग्य विमा. आकडे त्यांना पटले, पण लोकांना काय सांगायचे, ही अडचण त्यांच्या चेहऱ्यावर राहिली. मुलगा युनियनमध्ये गेला.

मी या अडचणीची टिंगल करणार नाही, कारण पदवीच्या जोरावरच आपली पिढी इथवर आली आहे आणि त्या आईच्या भीतीमागे मुलाचे भलेच आहे. पण सैन्यात वाढलेल्या मुलाला वर्गात बसवून ठेवणे म्हणजे त्याचा हक्क त्याच्या इच्छेविरुद्ध खर्च करणे आहे. आवड नसलेल्या पदवीची तीन सत्रे करून, गुण घसरून, महिने संपवून परत आलेली मुले मी पाहिली आहेत. वर्ग मध्येच सोडल्यामुळे भत्त्याची वसुली निघते ती वेगळीच. ज्यांची सेवा १ जानेवारी २०१३ रोजी किंवा त्यानंतर संपली, त्यांच्या हक्काला आता मुदत नाही. त्या मुलाला चाळिसाव्या वर्षी बांधकाम व्यवस्थापनाची पदवी घ्यावीशी वाटली, तर उरलेले महिने त्याच्यासाठी असतीलच. घाईने सगळे एकदम वापरायची गरज नाही, हे आईवडिलांना समजले की निम्मा ताण कमी होतो.

व्यवसाय शिक्षणात थोडेच महिने खर्च होत असल्यामुळे आणखी एक गोष्ट महत्त्वाची ठरते. उरलेले महिने जोडीदाराला किंवा मुलांना देता येतात, पण ते हस्तांतर सैन्यात असतानाच मंजूर करून घ्यावे लागते. त्यासाठी सहा वर्षांची सेवा झालेली असावी लागते आणि आणखी चार वर्षे सेवा करण्याचा करार द्यावा लागतो. वेल्डिंगचे प्रमाणपत्र सात-आठ महिन्यांत पूर्ण करून, "आता उरलेले माझ्या मुलीच्या नावावर करा" असे सांगायला आलेल्या माणसाला मला नाही म्हणावे लागते, आणि माझ्या कामातला तो सर्वांत नकोसा भाग आहे. वीस वर्षे नौदलात काढलेल्या माणसालाही बाहेर पडल्यानंतर हे करता येत नाही. सेवेत असताना ज्याच्या नावावर निदान एक महिना दिलेला आहे, त्याच्या वाट्याचे महिने नंतर कमी-जास्त करता येतात. ज्याच्या नावावर काहीच दिले नाही, त्याला नंतर यादीत घालता येत नाही. तेव्हा ज्यांची मुले किंवा भाचे-पुतणे अजून सैन्यात आहेत आणि सहा वर्षे पूर्ण करत आली आहेत, त्यांनी त्यांना आजच विचारावे की प्रत्येक मुलाच्या नावावर निदान एक महिना टाकला आहे का.